‘अ लॉट’ म्हणजे एक लॉट नव्हे? मग काय?

पेढीवरची_शुभा (मिरज)

मंडळी, प्रश्न बारका आहे, पण त्यापायी काल पेढीवर माझं पुरतं हसं झालं, म्हणून इथं विचारते. इंग्रजीतला ‘लॉट’ हा शब्द.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका आडत पेढीवर बिलं आणि पट्ट्या करते. बी.कॉम. झालंय, सगळं शिक्षण मराठी माध्यमातून. इंग्रजी वाचता येतं, पण वाचलेलं बरोबर कळलंच असं नाही. मालकांच्या धाकट्या मुलानं गेल्या साली निर्यातीचं लायसन काढलं आणि तेव्हापासून इंग्रजी मेल माझ्या गळ्यात पडले. का, तर “तू कॉम्प्युटरवर बसतीसच की.”

आता लॉट हा शब्द मला नवा आहे का? दिवसातनं शंभरदा तोंडात असतो. शेतकऱ्याची हळद आली की हमाल पोती उतरवतात, एकाच्या मालाची एक थप्पी लावतात, तो झाला एक लॉट. लॉट नंबर १७, पोती ४२, हळकुंड. लॉट नंबर १८, पोती ९, गड्डा. सौद्याला व्यापारी येतात, मूठभर माल हातात घेतात, एखादं हळकुंड मोडून बघतात. खट्ट आवाज आला आणि आतला रंग गडद निघाला की बोली चढते. सीझनला घरी जाते तेव्हा माझ्या वहीची पानंसुद्धा पिवळी असतात, ओढणीचं तर सांगूच नका. तर लॉट म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको, अशा तोऱ्यात मी होते.

इंग्लंडमध्ये लेस्टरला आमचं एक गिऱ्हाईक आहे. एकदा थोडा माल नेलाय त्यानं. यंदाचा नवा माल आल्यावर मी त्याला मेल टाकला, हळकुंड हवंय का म्हणून. उत्तर आलं: “वुई स्टिल हॅव अ लॉट ऑफ फिंगर्स इन द वेअरहाऊस, सो नॉट धिस मंथ. थँक्स अ लॉट.”

फिंगर म्हणजे हळकुंड, एवढं धंद्यात राहून कळतं. बाकीचं मी असं लावलं: आमच्या गोदामात अजून हळकुंडाचा एक लॉट आहे, म्हणून या महिन्यात नको. एक लॉट थँक्स. शेवटचं काही लागेना, ते सोडून दिलं.

एकच लॉट शिल्लक, म्हणजे माल संपतच आला की! मी मालकांना तसं सांगितलं. ते खूश. म्हणाले, कुठला लॉट राहिलाय विचार, तसलाच माल बाजूला काढून ठेवू. मी लगेच लिहिलं, “विच लॉट? प्लीज सेंड लॉट नंबर.” त्यावर त्याचं उत्तर: “क्वाइट अ लॉट, आय ॲम अफ्रेड!”

मी गडबडीत ‘क्वाइट’ला ‘क्वाएट’ वाचलं. शांत लॉट. आणि पुढं म्हणतोय, मला भीती वाटते. शांत लॉटची भीती कुणाला वाटंल? मला वाटलं मालाला कीड लागली बहुतेक आणि हा माणूस घाबरून तक्रार करायलाय. मालकांना सांगितलं. मालकांचा चेहराच उतरला. त्यांनी पुण्याला मुलाला फोन लावला, स्पीकरवर. मुलानं मेल वाचला आणि एवढा हसला, एवढा हसला, की बाहेर थप्पी लावणारे हमाल आत डोकावून गेले.

तो म्हणाला, “अ लॉट म्हणजे लई गं. त्याच्याकडं लई माल पडून आहे.”

पण का? ‘अ’ म्हणजे एक. ‘लॉट’ म्हणजे लॉट. एक अधिक लॉट बरोबर लई, हे कुठलं गणित? आणि मला खराच एक लॉट म्हणायचा असला तर काय लिहायचं? कुणीतरी नीट समजावून सांगा. “असंच असतं, पाठ कर” नको. तसलं बारावीपर्यंत भरपूर ऐकलंय.

भडंगप्रेमी (सांगली, गावभाग)

लॉट म्हणजे लई. विषय संपला. एवढ्यासाठी एवढा मोठा निबंध?

शांत लॉट मात्र भारी. आमच्या वर्गात शेवटच्या बाकावर एक होता.

स्पोकन_इंग्लिश_किंग (इस्लामपूर)

सिस्टर, सोपा नियम लिहून घ्या. ‘अ लॉट ऑफ’ म्हणजे पुष्कळ. पुष्कळ म्हणजे अनेकवचन. म्हणून पुढं कायम ‘आर’. ‘अ लॉट ऑफ पीपल आर’, ‘अ लॉट ऑफ टर्मरिक आर’. डोळे झाकून पाठ करा.

निवृत्त_दिवाणजी (हरिपूर)

शुभाताई, मी याच यार्डात ३४ वर्षं दिवाणजी होतो. तू कुठल्या पेढीवर आहेस ते विचारत नाही, पण मालकाचा पोरगा हसला त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. तू शब्द अगदी मुळापासनं धरलास. इंग्रज त्या मुळापासनं दोन पावलं पुढं सरकलाय, एवढंच.

मला एक सांग. शेजारची बाई म्हणाली, “त्यांच्याकडं ढीग पैसा आहे.” तू विचारशील का, कुठला ढीग? ढीग नंबर सांगा? आई म्हणाली, “ढीगभर भांडी पडलीत,” तर तू भांडी मोजून ढीग एक का दोन ते बघशील का? तीच आई तुझ्यावर चिडून म्हणते, “तुला ढीग सांगितलं, ऐकतंय कोण?” सांगण्याचा कसला आलाय ढीग? तरी तुला कळतं. ढीग म्हणजे तिथं पुष्कळ.

ढीग आधी खरा ढीग होता. खळ्यावर मळणी झाली की ज्वारीचा ढीग लागायचा, डोळ्याला दिसायचा, पायलीनं मोजता यायचा. बोलता बोलता माणसांनी तो पैशाला लावला, कामाला लावला, सांगण्याला लावला. ढीग गेला आणि नुसतं ‘लई’ उरलं.

लॉटचं तंतोतंत हेच झालं. लॉट म्हणजे मालाचा एक वाटा, एक गट. एक गट माल म्हणजे बराच माल. मग ‘अ लॉट ऑफ’ म्हणजे बरंच, पुष्कळ. हे ‘पुष्कळ’ इंग्रजीत फार जुनं नाही, साधारण दोनेकशे वर्षांत रुळलेलं. आपल्या यार्डातला लॉट त्यापेक्षा जुन्या अर्थाचा आहे. तेव्हा तू चुकलीस म्हणण्यापेक्षा तू जुन्या माणसाचं इंग्रजी वाचलंस म्हण.

लॉट हा शब्द कुठनं आला त्याची एक गोष्ट आहे. ती रात्री सांगतो, आता नातवाला क्लासला सोडायचंय.

वाईचे_सर (वाई)

दिवाणजी, नमस्कार. मी ३१ वर्षं आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवलं आणि ‘ढीग’ हे उदाहरण मला एकदाही सुचलं नाही. आता सुचून उपयोग नाही, फळा दुसऱ्याच्या हातात आहे.

आधी इस्लामपूरच्या राजांना उत्तर. ‘अ लॉट ऑफ टर्मरिक आर’ हे चूक आहे. डोळे झाकून पाठ केल्यामुळेच हे होतं, उघडे ठेवले असते तर दिसलं असतं. शुभा, तू मराठीत काय म्हणतेस? “पुष्कळ हळद आहे.” “पुष्कळ पोती आहेत.” पुष्कळ दोन्हीकडे तेच, क्रियापद कोण ठरवतं? हळद आणि पोती. ‘अ लॉट ऑफ’ अगदी आपल्या ‘पुष्कळ’सारखं वागतं. ‘अ लॉट ऑफ टर्मरिक इज’, ‘अ लॉट ऑफ बॅग्ज आर’. क्रियापदाला विचारायचं ते ‘ऑफ’च्या पुढं बसलेल्याला, लॉटला नव्हे. ‘लॉट्स ऑफ’ लिहिलं तरी हाच हिशेब, फक्त जरा जास्त घरगुती वाटतं.

आता तुझा खरा प्रश्न, जो मला फार आवडला: खराच एक लॉट म्हणायचा असेल तर? त्याची खूण सांगतो. ‘ऑफ’च्या पुढं आकडा आला की लॉट परत खरा लॉट होतो. ‘अ लॉट ऑफ बॅग्ज’ म्हणजे पुष्कळ पोती. ‘अ लॉट ऑफ फॉर्टी-टू बॅग्ज’ म्हणजे ४२ पोत्यांचा एक लॉट, तुझा १७ नंबरचा. कारण पुष्कळ आणि ४२ एका दमात कुणी म्हणत नाही. “पुष्कळ ४२ पोती” मराठीतही विचित्रच. आणि तेव्हा क्रियापद लॉटकडं परत येतं: ‘अ लॉट ऑफ फॉर्टी-टू बॅग्ज वॉज सोल्ड’. लॉट विकला गेला. एक.

दुसरी खूण: ‘अ’ काढून तिथं दुसरं काही बसवलं, ‘वन लॉट’, ‘धिस लॉट’, ‘द सेकंड लॉट’, किंवा मध्ये ‘स्मॉल’ घातलं, तरी तो खरा लॉट. ‘अ स्मॉल लॉट ऑफ फिंगर्स’ म्हणजे हळकुंडाचा छोटा लॉट. पण मध्ये घातलेला प्रत्येक शब्द असं करत नाही बरं का. ‘अ होल लॉट ऑफ’, ‘ॲन ऑफुल लॉट ऑफ’ यात ते ‘पुष्कळ’च राहतं, फक्त ‘भलतंच पुष्कळ’ होतं. इंग्रजी आहे, तिथं शंभर टक्के काही मागू नये.

‘क्वाइट’चं स्पेलिंग ‘टी-ई’वर संपतं, शांतवालं ‘ई-टी’वर. माझ्या ३१ वर्षांत ही दोन शेपटं अदलाबदल न करणारी पोरं मी हाताच्या बोटांवर मोजली असतील. ‘क्वाइट अ लॉट’ म्हणजे ‘बऱ्यापैकी पुष्कळ’, म्हणजे चांगलंच. आणि ‘आय ॲम अफ्रेड’ मधली भीती खरी नव्हे. आपण “काय करणार हो, सध्या नाही जमणार” म्हणतो, तो सूर आहे. नको असलेली बातमी मऊ करून सांगायची पद्धत. तेव्हा तुझ्या मालाला कीड लागलेली नाही, निर्धास्त राहा.

तुझा प्रश्न आवडला म्हणून गृहपाठही देतो. चार वाक्यं लिही.

स्पोकन_इंग्लिश_किंग (इस्लामपूर)

सर, सॉरी, टर्मरिकला ‘इज’च. टायपिंग मिस्टेक होती.

भडंगप्रेमी (सांगली, गावभाग)

‘डोळे झाकून’ हीसुद्धा टायपिंग मिस्टेक का?

तासगावची_सिस्टर (बर्मिंगहॅम)

शुभा, मी मूळची तासगावची, आमचे वडील अजून बेदाण्याच्या सौद्याला जातात, त्यामुळं तुझं दुखणं मला घरचं वाटलं. इथं इंग्लंडमध्ये नर्स आहे, ११ वर्षं झाली.

सगळ्यांनी तुला ‘अ लॉट’ सांगितलं, ‘द लॉट’ कुणीच सांगितलं नाही. हा इथला खास आहे. मी नवीन होते तेव्हा एका म्हाताऱ्या आजोबांनी जेवणाचं ताट परत केलं. मी विचारलं किती खाल्लंत, आम्हाला लिहावं लागतं ना. ते म्हणाले, “आय हॅड द लॉट, लव्ह.” मी आपली मेनूच्या कागदावर ‘लॉट’ नावाचा पदार्थ शोधायलेय. सूप आहे, मॅश आहे, लॉट कुठंय? शेजारची केरळची सिस्टर म्हणाली, “सगळं खाल्लं म्हणतायत.” द लॉट म्हणजे सगळंच्या सगळं, ताट चाटून पुसून. ‘द होल लॉट’ पण म्हणतात.

म्हणजे ‘अ’चा ‘द’ झाला की पुष्कळचं सगळं होतं. धंद्यात हा फरक लक्षात ठेव, पैशाचा आहे.

मग ‘यू लॉट’. आमची वॉर्डची मुख्य बाई सकाळी म्हणते, “राइट, यू लॉट, लिसन.” म्हणजे “चला गं पोरींनो, ऐका.” आपण नाही का म्हणत, “ह्या वर्षीचा अकरावीचा लॉट एकदम वांड आहे.” तोच लॉट, माणसांचा. ओळखीत बोलतात. गिऱ्हाईकाला मेलमध्ये ‘यू लॉट’ लिहू नकोस, “काय रे टोळक्या” म्हटल्यासारखं वाटेल. जुनी माणसं एकट्या माणसालाही ‘अ बॅड लॉट’ म्हणतात, म्हणजे वाया गेलेला. माल खराब नव्हे, माणूस खराब.

‘दॅट्स युअर लॉट’ म्हणजे “एवढंच, आता मिळणार नाही.” इथल्या कँटीनमधल्या बाईचं आवडतं वाक्य.

आणि अमेरिकेत गाड्या लावायच्या जागेला ‘पार्किंग लॉट’ म्हणतात, इथं ‘कार पार्क’. तिकडं ‘लॉट’ म्हणजे जमिनीचा तुकडा, आपला प्लॉट. हे कसं झालं ते दिवाणजीकाकाच सांगतील, त्यांनी गोष्ट अर्धी ठेवलीय.

पेढीवरची_शुभा (मिरज)

सगळ्यांचे अ लॉट आभार. (बरोबर आहे का?)

ढीगचं उदाहरण मी आज मालकांना सांगितलं. ते म्हणाले, “मग त्याला ढीग नंबर विचारलास म्हण की.” आता पेढीवर तेच चाललंय. कुणी म्हणालं लई काम आहे, की हमाल विचारतात, नंबर कितवा?

सर, गृहपाठ:

वुई हॅव अ लॉट बॅग्ज इन अवर गोडाऊन.

आय लाइक धिस वर्क अ लॉट ऑफ.

वुई सोल्ड अ लॉट ऑफ नाइन बॅग्ज यस्टरडे.

वुई हॅव मच टर्मरिक.

चौथं मुद्दाम लिहिलंय. शाळेत शिकवलं होतं की मोजता येत नाही त्याला ‘मच’. हळद मोजता येत नाही (तोलता येते). मग ‘मच’ बरोबर ना? अ लॉटची गरजच काय?

वाईचे_सर (वाई)

तिसरं पूर्ण बरोबर. नऊ पोत्यांचा एक लॉट काल विकला. शाब्बास. तो गड्ड्याचा १८ नंबरचा असावा.

पहिल्यात ‘ऑफ’ हवा, पुढं नाम आहे ना. दुसऱ्यात ‘ऑफ’ नको, कारण पुढं कुणीच नाही. ‘ऑफ’ हा दोघांना बांधणारा दोरा. पुढं बांधायला कुणी नसेल तर दोरा लोंबत ठेवू नये. ‘आय लाइक धिस वर्क अ लॉट’. मला हे काम फार आवडतं. खरंच आवडतं का?

चौथ्याचं काय करावं? व्याकरणाच्या पुस्तकानं पाहिलं तर ते चूक ठरत नाही. पण इंग्रज असं बोलत नाही. आहे म्हणून सांगताना तो ‘अ लॉट ऑफ’ म्हणतो आणि ‘मच’, ‘मेनी’ हे बरेचदा नकाराला आणि प्रश्नाला राखून ठेवतो. ‘वुई डोन्ट हॅव मच टर्मरिक’ झकास. ‘हाऊ मेनी बॅग्ज?’ झकास. ‘टू मच’, ‘सो मेनी’ हेही चालतं. पण नुसतं ‘वुई हॅव मच टर्मरिक’ म्हणजे “आमच्याकडे विपुल हळद विद्यमान आहे.” कळतं, पण समोरचा दचकतो. आम्ही शाळेत ‘मच’ मोजता न येणाऱ्याला, ‘मेनी’ मोजता येणाऱ्याला एवढं शिकवलं आणि पुढचं अर्धं शिकवलंच नाही. त्यात मीही आलो.

उलट गंभीर अहवालात, करारात ‘अ लॉट ऑफ’ जरा सैल वाटतं. तिथं ‘अ लार्ज क्वांटिटी ऑफ’ लिही.

‘अ लॉट’ नेहमी दोन शब्द. ‘अ’, मग मोकळी जागा, मग ‘लॉट’. जोडून लिहिणारे खुद्द इंग्रजांतही पुष्कळ आहेत, पण ते चूकच. आणि ‘एल’ दोनदा आला तर शब्दच बदलला: ‘अलॉट’, म्हणजे वाटून देणं, एमआयडीसीत प्लॉट अलॉट होतो तो. मेलच्या शेवटी ‘थँक्स अलॉट’ लिहिलंस तर काही बिघडणार नाही, पण वाचणाऱ्याला वाटेल आभारांचं वाटप चाललंय.

“अ लॉट आभार”बद्दल मी डोळे झाकले आहेत.

निवृत्त_दिवाणजी (हरिपूर)

सर, तुम्ही ‘अलॉट’ काढलंत, मला दार उघडून दिलंत.

लॉट हा इंग्रजांचा फार जुना शब्द, हजार वर्षांपलीकडचा. तेव्हा त्याचं रूप ‘ह्लोट’ असं होतं. आणि त्याचा अर्थ माल नव्हता, थप्पी नव्हती. ह्लोट म्हणजे चिठ्ठी. कागद कुठला तेव्हा, लाकडाचा तुकडा वगैरे खूण करून टाकायचे आणि एक उचलायचा. ज्याची खूण निघाली त्याला तो वाटा. म्हणून ‘टु ड्रॉ लॉट्स’ म्हणजे आजही चिठ्ठ्या काढणं. आधी चिठ्ठी, मग चिठ्ठीनं आलेला वाटा, मग कुठलाही वाटा, मग मालाचा गट, आणि शेवटी नुसतं पुष्कळ.

हे मला पुस्तकात वाचून कळलं, पण पटलं ते आमच्या अंगणामुळं. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. आमच्या वडिलांची आणि दोन चुलत्यांची वाटणी झाली. जमिनीचे तीन वाटे पाडले, तीन चिठ्ठ्या तांब्यात टाकल्या. उचलायला लहान मूल लागतं, ज्याला काही कळत नाही असं. थोरल्या चुलत्यांची चार वर्षांची पोरगी बसवली. तिनं आमच्या वडिलांच्या नावानं जी चिठ्ठी काढली ती नदीकडच्या तुकड्याची. वडील एक अक्षर बोलले नाहीत. मातीला सोनं म्हणायचे त्या तुकड्याला, काळी कसदार. पण हरिपूर म्हणजे कृष्णा आणि वारणेचा संगम, तिथं नदीकडचा तुकडा म्हणजे काय ते पावसाळ्यात कळतं. २००५ ला गेलं, २०१९ ला तर सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमचा बांधही दिसत नव्हता. आमच्या गावची हळदीची पेवं ऐकली असशील, जमिनीत खोल खणलेली, त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरानं त्यांचीही वाट लावली.

तर आई म्हणायची, “आपल्या वाट्याला आलं ते आलं.” इंग्रजीत हेच वाक्य शब्दाला शब्द आहे: ‘इट फेल टु अवर लॉट’. लॉट म्हणजे वाटा आणि लॉट म्हणजे नशीबही. मला आधी हे नवल वाटलं. मग लक्षात आलं, आपण तरी वेगळं काय केलं? भाग म्हणजे वाटा. त्यातनंच भाग्य. सासरचा वाटा, बापाचा वाटा, नशिबाचा वाटा, सगळं एकाच तांब्यातनं निघालेलं.

सिस्टरबाईंनी जमिनीच्या लॉटचं विचारलं. गोरे लोक अमेरिकेत गेले, नवीन गावं वसवली, तेव्हा जमिनीचे तुकडे पाडून चिठ्ठ्या टाकून वाटले. चिठ्ठीनं आलेला तुकडा तो लॉट. वसवणारे गेले, तांब्या गेला, आता त्या लॉटवर गाड्या लावतात.

आणि लॉटरी त्याच घरातली, इटलीकडनं फिरून आलेली. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीनं बंदरं दुरुस्त करायला पैसा हवा म्हणून लॉटरी काढली, तिची सोडत १५६९ साली झाली. आपली महाराष्ट्र राज्य लॉटरी निघाली १९६९ साली. बरोबर चारशे वर्षं. आमचे वडील पहिल्या वर्षापासनं तिकीट घ्यायचे, पोस्टाच्या पाकिटात जपून ठेवायचे. एकदाही लागली नाही. नदीकडचा तुकडा लागला तेवढाच.

म्हाडाची घरं आजही लॉटरीनं निघतात आणि मग अलॉट होतात. ऐकताना दोन शब्द वाटतात, मूळ चिठ्ठी एकच.

भडंगप्रेमी (सांगली, गावभाग)

काका, मी ‘विषय संपला’ म्हणालो होतो ते परत घेतो.

तासगावची_सिस्टर (बर्मिंगहॅम)

आमच्याकडं द्राक्षबागेची वाटणी अशीच झाली. चिठ्ठी काढायला मला बसवलं होतं. मी धाकट्या काकांना विहिरीचा वाटा काढून दिला म्हणून थोरल्या काकू अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. तीस वर्षं झाली.

स्पोकन_इंग्लिश_किंग (इस्लामपूर)

एक शंका. ‘थँक्स अ लॉट’ टोमणा पण असतो ना? एका विद्यार्थ्याची फी परत केली नाही तर तो तसं म्हणाला.

वाईचे_सर (वाई)

असतो. “लई उपकार झाले तुमचे” हे वाक्य आपण दोन्ही सुरांत म्हणतो, तसंच. लिहिताना सूर दिसत नाही, म्हणून खरे आभार मानायचे तर ‘थँक यू व्हेरी मच’ जास्त सुरक्षित. तुमचा विद्यार्थी कुठल्या सुरात म्हणाला ते तुम्हाला कळलं असेलच. फी परत करा.

पेढीवरची_शुभा (मिरज)

आठ दिवसांनी परत आलेय, कारण पुढचं घडलं.

मी लेस्टरवाल्याला माफीचा मेल लिहिला. माझी चूक झाली, आमच्या यार्डात लॉट म्हणजे एका शेतकऱ्याच्या मालाची थप्पी, म्हणून मी नंबर विचारला, असं सरळ लिहून टाकलं. मालकांचा मुलगा म्हणत होता, कशाला आपलं अज्ञान दाखवतेस. मी पाठवला तरी. माणूस चांगला निघाला. त्यानं लिहिलं की आजवर त्याला आलेल्या मेलमध्ये त्याला सगळ्यात आवडलेला मेल हाच. त्यानं बायकोलाही वाचून दाखवला म्हणे.

मग काल त्याचा परत मेल. त्याच्याकडचा माल अंदाजापेक्षा लवकर खपला. मी यादी पाठवली होती, पॉलिश केलेल्या हळकुंडाचे तीन लॉट, ४२, ३७ आणि ५५ पोत्यांचे, नमुने आधीच कुरिअर केलेले. त्याचं एका ओळीचं उत्तर: “लव्हली कलर. वुई विल टेक द लॉट.”

पेढीवर मालकांचा मुलगा होता. तो म्हणाला, “लॉट घेणार म्हणतोय, कुठला ते लिहिलंच नाही, विचार.” मी म्हटलं, विचारायचं नाही. ‘अ’ नाहीये, ‘द’ आहे. ताट चाटून पुसून. तिन्ही.

सिस्टरताई, तुमच्या त्या आजोबांना माझा नमस्कार सांगा. असतील नसतील तिथं.

तो गप्प बसला, पण मालक नाही बसले. म्हणाले, “इंग्रजी तुझं बरोबर असंल, पण माल १३४ पोती आहे. आकडा लिहून घे.” मग मी लिहिलं, “जस्ट टु कन्फर्म: ऑल थ्री लॉट्स, वन हंड्रेड अँड थर्टी-फोर बॅग्ज.” दहा मिनिटांत उत्तर आलं, “यस, द लॉट!”

सर, ‘लॉट्स’ला इथं ‘ऑल थ्री’ लावलं म्हणजे ते खरे लॉट झाले ना? ‘पुष्कळ’ नाही ना होत?

वाईचे_सर (वाई)

खरे झाले. थप्प्या लाव.